बाळाचे पायमोजे (क्रोशाकाम)

बाळाचे पायमोजे हा क्रोशाच्या सुईने लोकर किंवा सुती दोरा विणून तयार केला जाणारा, तान्ह्या मुलाचे पाऊल घोट्यापर्यंत झाकणारा लहान वस्त्रप्रकार आहे. बोलीभाषेत त्यांना 'लोकरीचे मोजे' किंवा 'बाळाचे बूट' असेही म्हणतात. चालू न लागलेल्या मुलाचे पाऊल उबदार ठेवणे हा त्यांचा मुख्य उपयोग आहे. क्रोशाकाम शिकताना पहिली पूर्ण वस्तू म्हणून अनेकदा हे मोजे निवडले जातात. साखळी घालणे, गोल फेऱ्यांत विणणे, टाके वाढवणे, टाके घटवणे आणि दोऱ्याची टोके लपवणे या क्रोशाकामातील बहुतेक मूलभूत क्रिया तळहाताएवढ्या या वस्तूत एकदा तरी कराव्या लागतात. शिवाय मोजे जोडीने लागत असल्यामुळे एकदा साधलेले काम दुसऱ्यांदा तसेच साधते की नाही, याची परीक्षाही त्यातच होते.

नाव व पूर्वपीठिका

'क्रोशे' या फ्रेंच शब्दाचा अर्थ लहान आकडा असा आहे. सुईच्या टोकाला असलेल्या आकड्यावरून हे नाव पडले. मराठीत 'क्रोशा' हे रूप रूढ असून सुई आणि तिने केलेले काम या दोहोंसाठी ते वापरले जाते.

आजच्या स्वरूपातील क्रोशाकाम एकोणिसाव्या शतकात युरोपात प्रसार पावले. 'पेनेलोपे' या डच नियतकालिकात १८२३ च्या सुमारास प्रसिद्ध झालेले नमुने हे या कामाच्या सर्वांत जुन्या छापील नमुन्यांपैकी मानले जातात. एलेओनोर रिएगो द ला ब्रांशार्दिएर यांनी १८४० च्या दशकापासून इंग्लंडमध्ये नमुन्यांची पुस्तके प्रसिद्ध केली आणि हे काम मध्यमवर्गीय घरांत पोहोचवले. १८४५ मध्ये सुरू झालेल्या आयर्लंडमधील दुष्काळात क्रोशाची जाळी विणणे हे अनेक कुटुंबांच्या उपजीविकेचे साधन बनले. भारतात आंध्र प्रदेशातील नरसापूर परिसरात ख्रिस्ती मिशनऱ्यांमार्फत ही कला एकोणिसाव्या शतकात रुजली आणि पुढे तेथे तिचा मोठा गृहोद्योग उभा राहिला.

महाराष्ट्रात दारावरची तोरणे, मेजावरचे रुमाल, मणी लावलेली झाकणे अशा वस्तूंतून क्रोशा घरोघर परिचित झाला. रुखवतात मांडल्या जाणाऱ्या हस्तकलेतही त्याला स्थान मिळाले. बाळंतविड्यात, म्हणजे मूल जन्मल्यावर आप्तांकडून येणाऱ्या भेटीत, झबले, टोपरे, दुपटे यांच्या जोडीने हाताने विणलेला स्वेटर आणि पायमोजे देण्याची पद्धत आहे. त्यामुळे घरात बाळ येणार असल्याचे कळणे हे अनेकींसाठी विणकाम शिकण्याचे निमित्त ठरत आले आहे.

दोन सुयांच्या विणकामाशी तुलना

दोन सुयांवर विणताना एका ओळीतील सर्व टाके एकाच वेळी सुईवर उघडे असतात. सुई निसटली तर ते टाके सुटून खाली उसवत जातात. क्रोशात प्रत्येक टाका तेथल्या तेथे पूर्ण होतो आणि सुईवर साधारणपणे एकच फास शिल्लक राहतो. सुई निसटली तरी धोक्यात येतो तो तेवढाच फास. चूक लक्षात आल्यास दोरा ओढून चुकीपर्यंत उसवता येते आणि पुन्हा तेथून विणता येते. नवशिक्यास ही सोय विशेष उपकारक ठरते. मात्र क्रोशाचे कापड जाड आणि कमी ताणले जाणारे असते, म्हणून पायमोज्याचे माप दोन सुयांवरील मोज्यापेक्षा अधिक काटेकोर ठेवावे लागते.

साहित्य

दोरा : मऊ, मध्यम जाडीची आणि फार केस न निघणारी लोकर निवडतात. एका जोडीला सुमारे ३० ग्रॅम लोकर पुरते. ॲक्रिलिकची 'बेबी वूल' धुण्यास सोपी असते. शुद्ध लोकर अधिक उबदार असली तरी गरम पाण्यात आणि चोळून धुतल्यास आकसते व घट्ट होते. कोकणासारख्या उष्ण-दमट हवेत सुती दोरा सोयीचा ठरतो. पहिल्या जोडीसाठी फिक्या रंगाची लोकर उपयुक्त असते. गडद रंगात टाके ओळखणे आणि मोजणे कठीण जाते.

सुई : मध्यम जाडीच्या लोकरीसाठी ३.५ मि.मी. जाडीची, बहुधा ॲल्युमिनियमची सुई वापरतात. बारीक पोलादी सुया सुती दोऱ्याच्या जाळीकामासाठी असतात, त्यांत लोकर नीट धरली जात नाही.

इतर साहित्य : टोके लपवण्यासाठी मोठ्या नेढ्याची बोथट सुई, कात्री, मोजपट्टी आणि फेरीची सुरुवात दाखवण्यासाठी वेगळ्या रंगाचा खुणेचा दोरा.

टाके

पायमोज्यासाठी पुढील चार टाके पुरेसे होतात. सरकगाठ मारून पहिला फास सुईवर घेतल्यानंतरच्या क्रिया अशा :

• साखळी : सुईवर दोऱ्याचा वेढा घेऊन तो फासातून ओढला की साखळीची एक कडी होते.

• सरक टाका : सुई टाक्यात घालून वेढा घेतात आणि तो टाका व सुईवरील फास या दोन्हींतून एकदम ओढतात. या टाक्याला उंची नसते. फेरीची दोन टोके जोडण्यासाठी तो वापरतात.

• मुका खांब : सुई टाक्यात घालून दोरा वर ओढला की सुईवर दोन फास होतात. पुन्हा वेढा घेऊन दोन्हींतून ओढतात.

• अर्धा खांब : सुई टाक्यात घालण्यापूर्वीच एक वेढा घेतात. दोरा वर ओढल्यावर सुईवर तीन फास होतात. पुन्हा वेढा घेऊन तिन्हींतून एकदम ओढतात.

एकाच टाक्यात दोन टाके घातले की 'वाढ' होते. दोन शेजारच्या टाक्यांतून दोरा वर ओढून सुईवरील तिन्ही फास एकत्र पूर्ण केले की 'घट' होते. प्रत्येक पूर्ण टाक्याच्या माथ्यावर दोन धागे दिसतात, एक विणणाऱ्याकडचा आणि एक मागचा. एरवी सुई या दोन्हींच्या खालून घालतात.

टाक्यांच्या नावांत प्रदेशानुसार आणि शिकवणाऱ्यांनुसार फरक आढळतो. इंग्रजी नमुने वाचतानाही सावध राहावे लागते. मुक्या खांबाला अमेरिकी पद्धतीत 'सिंगल क्रोशे', तर ब्रिटिश पद्धतीत 'डबल क्रोशे' म्हणतात. अमेरिकी 'डबल क्रोशे' हा मात्र त्याहून बराच उंच, मराठीत नुसता 'खांब' म्हटला जाणारा टाका होय. नमुना कोणत्या पद्धतीचा आहे हे न पाहता विणल्यास मोजा अपेक्षेपेक्षा बराच मोठा आणि सैल होतो.

माप आणि हाताचा ताण

नवजात बालकाच्या पावलाची लांबी सर्वसाधारणपणे ७.५ ते ८ सें.मी. असते. पहिल्या तीन महिन्यांसाठी सुमारे ९ सें.मी., तीन ते सहा महिन्यांसाठी सुमारे १० सें.मी. आणि त्यापुढे वर्षापर्यंत सुमारे ११ सें.मी. लांबीचा तळवा ठेवतात. बालकांच्या वाढीत फरक असल्याने ही मापे ढोबळ समजली जातात.

नमुन्यात टाक्यांची संख्या दिलेली असते, पण लांबी हाताच्या ताणावर ठरते. पुढील नमुन्यात १० सें.मी. रुंदीत मुक्या खांबाचे २० टाके बसतात असे गृहीत धरले आहे. तेवढ्याच रुंदीत २२ टाके बसवणाऱ्या घट्ट हाताचा ९ सें.मी.चा तळवा सुमारे ८ सें.मी. होतो, तर १८ टाके बसवणाऱ्या सैल हाताचा १० सें.मी. भरतो. म्हणून सुरुवातीस लहान चौकोनी तुकडा विणून टाके मोजतात आणि आवश्यकतेनुसार अर्धा मि.मी. जाड किंवा बारीक सुई घेतात. तळवा एक सें.मी.ने लांबवायचा झाल्यास सुरुवातीच्या साखळीत दोन कड्या वाढवतात. त्यामुळे दोन्ही बाजूंचे मिळून प्रत्येक फेरीत चार टाके वाढतात.

कृती

पुढील नमुना पहिल्या तीन महिन्यांच्या मापाचा आहे. काम न उलटता, एकाच दिशेने गोल विणतात. प्रत्येक फेरीच्या आरंभी उंचीसाठी साखळीची एक कडी घालतात, ती टाक्यांत मोजत नाहीत. पहिला टाका मागील फेरी जेथे जोडली त्याच टाक्यात घेतात आणि फेरी संपल्यावर सरक टाक्याने पहिल्या टाक्याला जोडतात. वेगळा उल्लेख नसेल तेथे टाका मुक्या खांबाचा समजावा.

तळवा

• साखळीच्या ११ कड्या घालतात.

• फेरी १ : सुईपासून दुसऱ्या कडीपासून आरंभ करून ९ कड्यांत एकेक टाका, शेवटच्या कडीत ३ टाके. मग साखळीच्या दुसऱ्या बाजूने परत येताना ८ कड्यांत एकेक आणि आरंभीच्या कडीत २ टाके. एकूण २२.

• फेरी २ : एका टाक्यात २, पुढे ८ टाक्यांत एकेक, ३ टाक्यांत दोन-दोन, ८ टाक्यांत एकेक, २ टाक्यांत दोन-दोन. एकूण २८.

• फेरी ३ : 'एका टाक्यात २, पुढच्यात १' असे एकदा, ८ टाके साधे, तोच क्रम तीनदा, ८ टाके साधे, तोच क्रम दोनदा. एकूण ३४.

• फेरी ४ : 'एका टाक्यात २, पुढच्या दोहोंत एकेक' असे एकदा, ८ टाके साधे, तोच क्रम तीनदा, ८ टाके साधे, तोच क्रम दोनदा. एकूण ४०.

येथे सुमारे ९ सें.मी. लांबीचा लंबगोल तळवा तयार होतो. दोन्ही टोके सारखी असल्यामुळे डावा-उजवा असा भेद राहत नाही.

बाजू

• फेरी ५ : सर्व ४० टाके माथ्यावरील केवळ मागच्या धाग्यातून विणतात. त्यामुळे कापडाला घडी पडते आणि तळव्यापासून बाजूची भिंत सरळ वर उठते.

• फेरी ६ ते ८ : वाढ-घट न करता ४० टाके.

पुढचा भाग

• फेरी ९ : १२ टाके साधे, ६ वेळा घट, १६ टाके साधे. एकूण ३४.

• फेरी १० : ९ टाके साधे, ६ वेळा घट, १३ टाके साधे. एकूण २८.

• फेरी ११ : ८ टाके साधे, ४ वेळा घट, १२ टाके साधे. एकूण २४.

सर्व घटी बोटांच्या बाजूस येत असल्यामुळे पुढचा भाग पावलावर वळतो आणि टाच उभी राहते. सपाट तुकड्याला पावलाचा आकार येतो तो याच तीन फेऱ्यांत.

घोटा

• फेरी १२ व १३ : २४ टाके साधे.

• फेरी १४ ते १७ : अर्ध्या खांबाचे २४ टाके.

शेवटी सुमारे १५ सें.मी. दोरा ठेवून तो कापतात आणि फासातून ओढून घेतात. आरंभीचे व शेवटचे टोक बोथट सुईने टाक्यांतून आधी एका दिशेने आणि मग उलट दिशेने ओवतात, जेणेकरून ते सुटून बाहेर येणार नाही.

सामान्य चुका

टाक्यांची संख्या चुकणे ही सर्वांत जास्त होणारी चूक होय. ती बहुधा फेरीच्या जोडापाशी होते. पहिला टाका सुटतो तेव्हा संख्या एकाने कमी भरते, आणि जोडाच्या सरक टाक्यालाच टाका समजून त्यात विणले तर एकाने वाढते. पहिल्या टाक्यात खुणेचा दोरा अडकवून ठेवल्यास हे टाळता येते.

तळव्याचा आकारही चूक दाखवून देतो. तळवा वाटीसारखा वर वळू लागला तर वाढी कमी पडल्या आहेत किंवा हात घट्ट आहे असे समजते. कडेला झालरीसारख्या लाटा आल्या तर वाढी जास्त झालेल्या असतात. दोन्ही बाबतींत पुढे विणत राहिल्याने दोष झाकला जात नाही, तो वाढत जातो. चुकीच्या फेरीपर्यंत उसवणे हाच त्यावरील उपाय आहे. सुरुवातीची साखळी फार घट्ट घातल्यास पहिल्या फेरीत सुई शिरत नाही. अशा वेळी केवळ साखळीपुरती एक माप जाड सुई वापरतात.

दुसरा मोजा

शिकणाऱ्याचा हात विणता विणता बदलतो. पहिल्या मोज्याच्या वेळी दोरा भीतीने आवळून धरलेला असतो. दुसऱ्याच्या वेळेपर्यंत बोटे सरावतात आणि टाके सैल पडू लागतात. त्यामुळे टाक्यांची संख्या तंतोतंत तीच असूनही दुसरा मोजा मोठा होतो. ही चूक मोजण्याची नसते, म्हणून ती नवशिक्याच्या लवकर लक्षात येत नाही.

हा फरक टाळण्यासाठी दोन्ही मोज्यांचे काम जोडीने पुढे नेण्याची पद्धत आहे. आधी दोन्ही तळवे विणून ते एकमेकांवर ठेवून पाहतात, मग दोन्हींच्या बाजू आणि शेवटी दोन्हींचे घोटे पूर्ण करतात. लोकरीचा एकच गोळा असल्यास तो आधीच दोन भागांत गुंडाळून घेतात. एका मोज्यानंतर दुसरा विणायचा असेल तर तो फार दिवस लांबवत नाहीत आणि प्रत्येक फेरीची संख्या कागदावर टिपून ठेवतात. तरीही फरक राहिलाच तर पहिला मोजा उसवून पुन्हा विणतात. पहिला मोजा नमुना म्हणून बाजूला ठेवून तिसरा विणणे हाही मार्ग आहे.

बाळाची सुरक्षितता

टोचणे, आवळणे किंवा उकडणे बाळाला बोलून सांगता येत नाही. म्हणून मोज्याच्या बाहेरील रूपापेक्षा आतील बाजू अधिक महत्त्वाची असते. आत सुटा राहिलेला धागा किंवा अडकलेला केस बाळाच्या बोटाभोवती गुंडाळला जाऊन रक्तपुरवठा रोखू शकतो. अशा वेळी बोट सुजते, लाल किंवा निळसर पडते आणि बाळ कारण न कळता रडत राहते. अशी शंका आल्यास तातडीने वैद्यकीय मदत घ्यावी लागते. हे टाळण्यासाठी मोजे घालण्यापूर्वी ते उलटे करून तपासतात. जाळीदार, मोठ्या छिद्रांच्या विणीत बोटे अडकत असल्यामुळे पुढच्या भागासाठी मुक्या खांबाची घट्ट वीण योग्य ठरते.

मणी, बटणे व लोकरीचे गोंडे तोंडात जाऊन घशात अडकू शकतात, आणि लांब नाड्या गुंडाळल्या जाऊ शकतात. वरील नमुन्यात नाडी नाही. मोजा निसटू नये यासाठी नाडीऐवजी घोट्याचा भाग उंच ठेवला आहे. तो पायावर वळ उठण्याइतका घट्ट नसावा. खोली उबदार असताना किंवा बाळ आजारी असताना जादा कपड्यांनी शरीर तापण्याचा धोका असतो. मूल उभे राहू लागल्यावर गुळगुळीत फरशीवर लोकरीचा तळवा घसरतो, म्हणून या मोज्यांचा उपयोग तेव्हा थांबवतात.

धुणे व साठवण

नवे मोजे वापरण्यापूर्वी सौम्य साबणाने कोमट किंवा गार पाण्यात धुतात आणि न पिळता टॉवेलमध्ये दाबून, सपाट पसरून सावलीत वाळवतात.

जपून ठेवलेले लोकरीचे कपडे कसरीपासून वाचवण्यासाठी घरोघर डांबराच्या गोळ्या वापरतात. यांतील नॅफ्थलीन हे द्रव्य जी-सिक्स-पी-डी या विकराची जन्मजात कमतरता असलेल्या बालकांना घातक ठरते. अशा कपड्यांच्या संपर्काने त्यांच्या तांबड्या रक्तपेशी फुटतात आणि तीव्र कावीळ होऊ शकते. ही कमतरता भारतातही आढळते आणि तपासणीशिवाय ती कळत नाही. म्हणून बाळाचे कपडे अशा गोळ्यांबरोबर न ठेवता स्वच्छ धुऊन, पूर्ण वाळवून, सुती कापडात बांधून ठेवणे सुरक्षित असते. मोठ्या भावंडाचे जपलेले मोजे धाकट्यासाठी काढताना ते कसे साठवले होते हे पाहणे त्यामुळे आवश्यक ठरते.

पुढील अभ्यास

या नमुन्यात साधलेल्या क्रिया इतर वस्तूंत थोड्या फरकाने वापरता येतात. वर्तुळाकार सुरुवात करून वाढी केल्यास टोपरे विणता येते. तळवा काही फेऱ्या अधिक वाढवल्यास लहान पिशवीचा बूड तयार होतो. वाढ आणि घट यांच्या संयोगातून विणलेली खेळणीही करता येतात. क्रोशाचे टाके हुबेहूब घालणारे यंत्र औद्योगिक वापरात नसल्यामुळे खरे क्रोशाकाम आजही हातानेच होते. एखादी फेरी चुकली तर ती शोधणे, उसवणे आणि पुन्हा घालणे हे कामही हातांनाच करावे लागते.

हे सुद्धा पाहा

• क्रोशाकाम
• विणकाम
• लोकर
• बाळंतविडा
• रुखवत